रक्तातल्या चिठ्ठ्या आणि छातीतली धाप



गव्हाणीत मोळी पडण्याचे दिवस आणि थंडी पडण्याचे दिवस बहुधा एकच असतात. मोळी पडली, की पंधरा-वीस दिवसांत गावोगावच्या दवाखान्यांपुढे खोकल्याची रांग लागते. कुणाला रात्रीची ढास, कुणाच्या छातीत घरघर, तर कुणाला बांधावरून चार सऱ्या ओलांडल्या तरी धाप. एक सुई टोचून घ्यायची, औषधाची बाटली आणायची आणि "वयाचं आहे, चालायचंच" म्हणून पुन्हा कामाला लागायचे, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे.

या पत्रिकेत आम्ही बेणे, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी नेहमी लिहितो. या वेळी ऊस पिकवणाऱ्याच्या छातीविषयी लिहीत आहोत. त्याला कारणही घडले. अलीकडे काही सभासद आम्हाला विचारू लागले आहेत, "काय हो साहेब, आता म्हणे नुसत्या रक्तावरून दमा कळतो. मग ते नळीत फुंकायचं कशाला?"

प्रश्न चांगला आहे, पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. छातीच्या आजाराच्या खुणा रक्तात सापडतात हे खरे. त्या खुणांवर भरवसा ठेवून आजार ठरवण्याची वेळ अजून आलेली नाही, हेही तितकेच खरे. हे असे का, ते नीट समजून घेतले तर आपला पैसा वाचेल आणि कुणाकुणाचा श्वासही वाचेल.

अडथळा नेमका कुठे?

छातीतल्या हवेच्या वाटा आपल्या पाटपाण्यासारख्या असतात. मोठा कालवा, त्याच्या चाऱ्या, पोटचाऱ्या आणि शेवटी शेतातली सरी. तशी छातीत एक मोठी नळी, तिच्या फांद्या, उपफांद्या आणि टोकाला हवेचे बारीक फुगे. या वाटेत हवा अडू लागली म्हणजे जे आजार होतात, त्यांत दोन मुख्य. एक दमा, आणि दुसरा सीओपीडी, म्हणजे श्वासमार्गाचा जुनाट अडथळा.

दम्यात नळ्यांना आतून सूज असते आणि भोवतालचे स्नायू मधूनमधून आवळतात. चारीचे दार कुणी खाली सोडावे आणि पुन्हा उचलावे, तसा हा प्रकार. योग्य औषधाने नळी मोकळी होते. आज त्रास, उद्या माणूस ठणठणीत. हा आजार बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी डोके वर काढतो.

सीओपीडीचे तसे नाही. वर्षानुवर्षे धूर आणि धूळ छातीत जाऊन नळ्या जाड होतात, बेडका साचतो आणि टोकाचे फुगे फुटून एक होतात. चारीत गाळ बसावा आणि टेलच्या सऱ्यांचे वरंबेच ढासळावेत, तशी ही अवस्था. गाळ थोडाफार निघतो, पण ढासळलेला वरंबा पुन्हा उभा राहत नाही. हा आजार बहुतेक चाळिशीनंतर जाणवतो आणि हळूहळू वाढत जातो. वेळेवर ओळखला, तर त्याची चाल मंदावता येते.

दोन्ही आजारांत खोकला आहे, दोन्हींत घरघर आहे, आणि काही जणांना दोन्ही एकदमच असतात. औषधांचा क्रम मात्र वेगळा. दम्यात सूज उतरवणारे, तोंडाने ओढायचे स्टेरॉइड हा उपचाराचा पाया. सीओपीडीत आधी नळ्या रुंद करणारी औषधे. स्टेरॉइड निवडक रोग्यांनाच. म्हणजे "दोन्ही सारखंच हो" म्हणून भागत नाही.

हा आजार किती पसरला आहे? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सीओपीडीचे रोगी १९९० साली २ कोटी ८१ लाख होते, ते २०१६ साली ५ कोटी ५३ लाख झाले. दम्याचे रोगी २०१६ साली सुमारे ३ कोटी ८० लाख होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२१ साली जगभरात सुमारे ३५ लाख माणसे सीओपीडीने दगावली.

बिडी न ओढणाऱ्यालाही

सीओपीडी म्हणजे बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. २००९ साली पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र मांडले. त्यांतून दिसले, की सीओपीडीच्या रोग्यांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी जन्मात कधी बिडी-सिगारेट ओढलेली नसते. मग आजार आला कुठून? सरपण आणि गोवऱ्यांचा धूर, कामाच्या जागची धूळ, पूर्वी होऊन गेलेला क्षय, वर्षानुवर्षे अंगावर काढलेला दमा, ही त्यांनी सांगितलेली प्रमुख कारणे.

हे वाचून आपल्याच घरातली माणसे डोळ्यांपुढे यावीत. तीस-चाळीस वर्षे चुलीपुढे बसून फुंकणी फुंकलेली आई. गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालणारा गडी. फडाकडेच्या कोपीत तीन दगडांवर भाकरी थापणारी तोडणी कामगार बाई. पाचट पेटवून धुरात उभा राहणारा आपण स्वतः. यांपैकी कित्येकांनी तंबाखूला हात लावलेला नसतो, म्हणून त्यांच्या धापेकडे डॉक्टरांचेही लवकर लक्ष जात नाही.

जाता जाता एक खुलासा करतो. कुजक्या, बुरशी आलेल्या बगॅसच्या धुळीने होणारा 'बगॅसोसिस' हा आजार निराळा. त्यात वाट अडत नाही, खुद्द फुप्फुसालाच सूज येते. बगॅसच्या ढिगावर काम करणाऱ्याला ताप, खोकला आणि धाप एकदम सुरू झाली, तर त्याने आपले काम काय आहे ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

फुंकण्याची तपासणी

अडथळा ओळखण्याची आजची खात्रीची तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली छातीतली हवा मोजणाऱ्या यंत्राचे काम जगापुढे मांडले. त्यानंतर १९४७ साली फ्रान्सच्या तिफनो आणि पिनेली यांनी पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजण्याची रीत दिली.

रीत साधी आहे. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोराने, शेवटपर्यंत फुंकायचे. समजा, एखाद्याने एकूण ३ लिटर हवा बाहेर टाकली आणि त्यातली २.४ लिटर पहिल्याच सेकंदात आली. प्रमाण ८० टक्के, म्हणजे वाट मोकळी. दुसऱ्यानेही ३ लिटरच टाकली, पण पहिल्या सेकंदात फक्त दीड लिटर आली. प्रमाण ५० टक्के, म्हणजे वाट अडली. नळ्या रुंद करणारे औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात. औषधानंतरही प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिले आणि धुराचा-धुळीचा पूर्वेतिहास जुळला, तर सीओपीडी. औषधाने वाट चांगलीच उघडली, तर बहुधा दमा.

पण अडचणी आहेत. नीट फुंकायला शिकवणारा माणूस लागतो. थकलेल्या म्हाताऱ्याला, लहान मुलाला किंवा ऐन धापेत असलेल्या माणसाला जोराने फुंकता येत नाही. आणि आज वाट किती अडली आहे एवढेच यंत्र सांगते. पुढच्या वर्षी कुणाचा आजार उसळेल, कोणते औषध कुणाला लागू पडेल, हे ते सांगत नाही. रक्त मात्र कुणाचेही, कुठेही काढता येते. म्हणून रक्तात काही खूण सापडते का, याचा शोध जगभर चालू आहे. त्या शोधात 'मायक्रो आरएनए' हे नाव पुढे आले.

एका कृमीची गोष्ट

मायक्रो आरएनए म्हणजे काय, हे समजायला आपल्या शेती खात्याचा कारभार डोळ्यांपुढे आणावा. कोणत्या गटात कोणती जात, लागण कधीची, क्षेत्र किती, हे सारे ऊस नोंदीच्या रजिस्टरात असते. ते रजिस्टर ऑफिसाबाहेर जात नाही. बाहेर जाते ती तोडीची चिठ्ठी. चिठ्ठी फडात पोचली की टोळी कोयता लावते आणि ऊस गव्हाणीकडे निघतो.

शरीराच्या प्रत्येक पेशीतही असेच चालते. डीएनए हे मूळ रजिस्टर. त्यातल्या एका नोंदीची नक्कल होऊन आरएनएची चिठ्ठी बाहेर पडते आणि तिच्या हुकमाप्रमाणे पेशी प्रथिन तयार करते. आता समजा, सगळ्याच चिठ्ठ्या एकदम फडात गेल्या तर? गाड्यांची रांग लागेल, ऊस वाळेल. म्हणून काही चिठ्ठ्यांवर "तूर्त तोड देऊ नये" असा बारीक कागद टाचावा लागतो. मायक्रो आरएनए हा तो बारीक कागद. तो आरएनएचाच, पण जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा असतो. आपल्याशी जुळणारी अक्षरे ज्या चिठ्ठीवर असतील तिला तो चिकटतो. मग ती चिठ्ठी फाडली जाते किंवा तशीच पडून राहते. एक मायक्रो आरएनए अनेक चिठ्ठ्या अडवू शकतो आणि एका चिठ्ठीला अनेक जण अडवू शकतात.

याचा शोध लागला तो सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीत. अमेरिकेतले व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ साली हे काम प्रसिद्ध केले. कृमीतली ही विचित्र गोष्ट माणसाला काय कामाची, म्हणून फारसे कुणी लक्ष दिले नाही. २००० साली रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेने दुसरा मायक्रो आरएनए जाहीर केला. तो माणसापर्यंत पुष्कळ प्राण्यांत सापडला, तेव्हा जग जागे झाले. आज माणसात हजारावर मायक्रो आरएनए माहीत आहेत. २०२४ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

या तुकड्यांना नावे नसतात, क्रमांक असतात. आपण 'को ८६०३२' म्हणतो, तसे शास्त्रज्ञ २१, १२६, १४६-ए, २०६, २२३ असे क्रमांक बोलतात.

रक्तात काय सापडले?

पेशीच्या आतला हा कागद रक्तात कसा येतो? पेशी काही तुकडे चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत घालून बाहेर सोडतात, तर काही तुकडे प्रथिनाच्या मुठीत बसून फिरतात. उघडा आरएनए रक्तात क्षणात नष्ट होतो, हे मात्र असे जपलेले असल्याने टिकतात. २००८ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल येथील संशोधकांनी दाखवले, की रक्तद्रवातले मायक्रो आरएनए खोलीच्या तपमानात चोवीस तास ठेवले किंवा पुन्हा पुन्हा गोठवून वितळवले, तरी फारसे बिघडत नाहीत. खेड्यात नमुना घ्यावा आणि शहरात तपासावा, अशी सोय निसर्गानेच केलेली दिसली. मोजण्याची रीतही आपल्या परिचयाची आहे. २०२० साली करोनाच्या साथीत नाकातली काडी घेऊन जी आरटी-पीसीआर तपासणी होत असे, तीच रीत येथे रक्तासाठी वापरतात.

मग अडथळ्याच्या आजारांत शोध सुरू झाला. क्रमांक १४६-ए हा सुजेला लगाम घालणारा. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१० साली दाखवले, की सीओपीडीच्या रोग्यांच्या फुप्फुसातल्या काही पेशी सूज आणणाऱ्या द्रव्यांना सामोऱ्या गेल्यावर हा लगाम पुरेसा तयार करीत नाहीत. १२६ हा रक्तवाहिन्यांच्या अस्तराशी निगडित, २२३ हा पांढऱ्या पेशींत भरपूर. सीओपीडीच्या रक्ताच्या अभ्यासांत असे क्रमांक कमी-जास्त झालेले आढळले.

२०१३ साली लंडनच्या संशोधकांनी वेगळीच गोष्ट टिपली. सीओपीडीच्या रोग्यांच्या रक्तात स्नायूंमधले मायक्रो आरएनए वाढलेले होते. त्यांत २०६ हा एक. या आजारात माणसाच्या मांड्या वाळतात, हे आपण पाहतो. छातीचा आजार सगळ्या अंगाला कसा पोखरतो, याची ती रक्तातली साक्ष होती.

दम्यातही काम झाले. अमेरिका-कॅनडातल्या बालदम्याच्या एका जुन्या चाचणीत साठवलेले १५३ मुलांचे रक्त तपासून बोस्टनच्या संशोधकांनी २०१८ साली सांगितले, की मुलाची नेहमीची माहिती आणि १४६-बी, २०६ व ७२० हे तीन क्रमांक एकत्र धरले, तर वर्षभरात कुणाचा दमा उसळेल याचा अंदाज नुसत्या माहितीपेक्षा चांगला येतो. असे आधीच कळले, तर दवाखान्यात धावण्यापूर्वी औषध वाढवता येईल. खरी आशा येथे आहे.

मग गाडी कुठे अडली?

वाचकांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. २०६ हा क्रमांक दोनदा आला. एकदा सीओपीडीत वाळणाऱ्या मांड्यांच्या संदर्भात, एकदा मुलांच्या दम्यात. मग कुणाच्या रक्तात २०६ वाढलेला दिसला तर काय म्हणायचे? दमा, सीओपीडी, की कालच्या दिवसाची अंगमेहनत? एकटा आकडा काहीच ठरवीत नाही. ७२० ची तर आणखी गंमत. तो खरा मायक्रो आरएनए नसून दुसऱ्या जातीच्या आरएनएचा तुटलेला तुकडा आहे, असे दाखवले गेले आहे.

माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यायचा, ते या पानांवर आम्ही अनेकदा सांगितले आहे. बांधालगतची माती घेऊ नये, झाडाखालची घेऊ नये, खताचा ढीग होता तिथली तर मुळीच नको. नाहीतर प्रयोगशाळा उत्तर अचूक देते, पण ते शेताचे नसते, ढिगाचे असते. रक्ताचेही तसेच. सुई नीट लागली नाही, नळी जोराने हलवली, तर तांबड्या पेशी फुटतात. क्रमांक १६ आणि ४५१ हे तांबड्या पेशींत खच्चून भरलेले असतात. ते सांडले की सगळा हिशोब बिघडतो. त्यातून काही अभ्यासांत क्रमांक १६ हाच माप धरून इतरांची तुलना केलेली असते. मापच खोटे असेल, तर वजन खरे कुठून येणार?

दुसरी गोष्ट, हे तुकडे छातीतूनच आले कशावरून? २०१२ साली अमेरिकी संशोधकांनी कॅन्सरच्या खुणा म्हणून जाहीर झालेले ७९ रक्तातले मायक्रो आरएनए तपासले. त्यांपैकी ४६ क्रमांक रक्ताच्याच पेशींत भरपूर असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे ते आजारी अवयवाकडून आले, की पांढऱ्या पेशी वाढल्यामुळे वाढले, हे सांगणे कठीण. तो अभ्यास कॅन्सरचा होता, पण इशारा छातीच्या आजारालाही तेवढाच लागू आहे.

शिवाय वय, बिडी, व्यायाम आणि चालू असलेली औषधे यांनी हे आकडे हलतात. बरेच अभ्यास थोड्या माणसांवर झालेले, आणि एका गटात वाढलेला क्रमांक दुसऱ्या गटात तसा दिसतोच असे नाही.

तर मग हे सारे निरुपयोगी समजायचे काय? तसे मुळीच नाही. तोडणीआधी आपण हँड रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचे दोन थेंब टाकून ब्रिक्स पाहतो. ते यंत्र साखर मोजत नाही. रसात जे जे विरघळले आहे ते सगळे मोजते. नुकतेच पाणी दिले असेल तर आकडा फसवतो. तरीही पक्वता ठरवायला ब्रिक्स उपयोगी पडतो, कारण वर्षानुवर्षे हजारो नमुन्यांत तो प्रयोगशाळेच्या पोलशी आणि शुद्धतेशी ताडून पाहिला गेला. नमुना कधी, कुठल्या कांडीचा घ्यायचा, याचे नियम बसले. खूण भरवशाची होते ती अशा ताळमेळाने. मायक्रो आरएनएचा हा ताळमेळ अजून चालू आहे.

आजच कामाला येणारी रक्ताची खूण

रक्तातली एक साधी खूण मात्र आज वापरात आहे. पांढऱ्या पेशींतल्या इओसिनोफिल नावाच्या पेशींची संख्या. ती नेहमीच्या रक्ततपासणीत कळते. सीओपीडी ठरलेल्या आणि वारंवार उसळणाऱ्या रोग्यात ही संख्या मायक्रोलिटरला ३०० किंवा अधिक असेल, तर ओढायच्या स्टेरॉइडचा फायदा होण्याचा संभव जास्त. १०० च्या खाली असेल, तर फायदा थोडा आणि न्यूमोनियाचा धोका अधिक. जागतिक मार्गदर्शनात ही गोष्ट आलेली आहे.

मात्र इथेही आपल्या मुलखाची एक खोच आहे. पोटात जंत असले तरी इओसिनोफिल वाढतात. उघड्या पायांनी चिखलात पाणी धरणाऱ्याला हे सांगायला नकोच. म्हणून डॉक्टर हा आकडा एकटा धरीत नाहीत. फुंकण्याची तपासणी, पूर्वीचा त्रास आणि हा आकडा यांचा मेळ घालतात. नुकत्याच उमेदवारी करणाऱ्या मायक्रो आरएनएच्या बाबतीत तर हे दसपट लक्षात ठेवले पाहिजे.

सभासदांनी काय करावे?

आमचे सांगणे पुढीलप्रमाणे आहे.

पहिले, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर आधी क्षयासाठी थुंकी तपासून घ्यावी. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

दुसरे, चाळिशीपुढच्या ज्या माणसाने चुलीचा, गुऱ्हाळाचा, बिडीचा किंवा पाचटाचा धूर वर्षानुवर्षे घेतला आहे आणि ज्याला बरोबरीच्या माणसांबरोबर चालताना धाप लागते, त्याने स्पायरोमेट्री करून घ्यावी. "नुसता खोकला आहे, बाटली द्या" असे डॉक्टरांना सांगू नये. "डॉक्टरसाहेब, फुंकायची तपासणी करू या का?" असे आपण होऊन विचारावे. घरातल्या बायकांना बरोबर न्यावे. त्या आपले दुखणे शेवटपर्यंत सांगत नाहीत.

तिसरे, पंपाची सवय लागते ही समजूत सोडावी. पंपातले औषध थेट नळ्यांत जाते, म्हणून ते गोळीपेक्षा थोडे लागते आणि अंगाला कमी बाधते. तो कसा ओढायचा हे मात्र डॉक्टरांपुढे करून दाखवावे. चुकीच्या पद्धतीने ओढलेले औषध जिभेवरच राहते.

चौथे, रक्ताच्या एका तपासणीत दमा की सीओपीडी हे सांगतो, असे कुणी म्हणाले, तर त्यावर पैसे घालू नयेत. मायक्रो आरएनएवरून हे आजार ठरवण्याची मान्य तपासणी आज रोजच्या दवाखान्यात नाही. मात्र एखाद्या विश्वासाच्या रुग्णालयाने संशोधनासाठी, सारे समजावून, लेखी संमती घेऊन रक्त मागितले, तर घाबरू नये. परदेशातल्या अभ्यासांत बिडी-सिगारेट ओढणारे रोगी पुष्कळ. चुलीच्या धुराने आजारी झालेल्या बाईच्या रक्तात काय लिहिले आहे, ते तिच्याच रक्तात शोधावे लागेल.

पाचवे, धूर थांबवावा. बिडी सोडावी. पाचट जाळू नये, ते सरीत कुजवावे. जमिनीचे भले आणि छातीचेही. स्वयंपाक शक्य तेवढा गॅसवर करावा. चूल पेटवावीच लागली, तर ती उघड्यावर किंवा धुराडे असलेल्या जागी असावी.

शेवटी एक सूचना. गावात आरोग्य शिबिर भरले की साखर, रक्तदाब आणि डोळे तपासले जातात. यापुढे फुंकण्याचे यंत्र आणि ते शिकवणारा जाणकार माणूस शिबिरात असावा, अशी मागणी सभासदांनी आपल्या गटाच्या बैठकीत करावी, आणि वार्षिक सभेतही ती मांडावी. रक्तातल्या चिठ्ठ्या वाचण्याचे काम शास्त्रज्ञ करीत आहेत; ते पुरे होईल तेव्हा आम्ही याच पानावर कळवू. पण आज ज्याला धाप लागते, त्याने त्यासाठी थांबून राहू नये. ऊस पंधरा दिवस उशिरा तुटला तर उतारा घटतो एवढेच. छातीचा वरंबा एकदा ढासळला, की पुढच्या हंगामात तो पुन्हा घालता येत नाही.